थंडा चालेल ना, सर?

कोऱ्या कागदावर माझी पत्नी कमल काळ्या शाईने जाड रेघा आखून देते. दोन रेघांमध्ये चार बोटांचे अंतर असते. एका पानावर सहा ओळी बसतात. उजव्या डोळ्याला तेवढे दिसते, तेही सकाळी, दारात उजेडाला बसले तर. डावा डोळा गेला. उजवा किती दिवस राहील हे डॉक्टर सांगत नाहीत आणि आता मी विचारतही नाही.

साखरेच्या आजाराचे शास्त्र मला सांगता येणार नाही. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर आहे. पण हा आजार माझ्या अंगात कसा वाढला आणि मी त्याला कसे पोसले, हे माझ्याइतके कुणालाच ठाऊक नाही. ज्यांना डॉक्टरांनी नुकतेच 'तुम्हाला साखर आहे' असे सांगितले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. बरा झालो म्हणून लिहीत नाही. दिसते आहे तोवर लिहून टाकतो, एवढेच.

पहिली बाटली

माझे घर पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला. वडील सालाने राहायचे, माय रोजाने निंदायला जायची. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि नववीत होतो. मधली वर्षे ढोरामागे गेली होती. पुढे औरंगाबादला वसतिगृहात राहून बी.ए. झालो, मग बी.एड. आमच्या वस्तीत पदवी घेतलेला मी पहिला. वसतिगृहाचे अधीक्षक परीक्षेच्या दिवसांत स्वतःचा कंदील माझ्या खोलीत आणून ठेवायचे. वर्गातल्या एका मित्राने तीन वर्षे मला त्याची पुस्तके वापरू दिली. अशा माणसांमुळे मी शिकलो. उपकार विसरायचे नाहीत ही सवय मला तेव्हापासून लागली. ती चांगली सवय आहे असे मी मानत होतो, अजूनही मानतो. पण तिने माझे काय केले तेही लिहिले पाहिजे.

भोकरदनपासून पाच कोसांवरच्या एका गावात मला हायस्कुलात नोकरी लागली. गावाचे नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी मला कधी वाकडा शब्द बोललेला नाही. शाळा चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष गावातलेच मोठे शेतकरी होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. जूनचा पहिला आठवडा होता. हजर होण्याआधी त्यांना भेटायचे म्हणून भाड्याच्या सायकलवर पाच कोस गेलो. अण्णा ओसरीवर बसले होते. "या सर, या, बसा," म्हणाले आणि स्वतःच्या बाजूला सतरंजीवर जागा दिली. मला भरून आले. माझ्या वडिलांना कुणी सतरंजीवर बसवले नव्हते.

घसा कोरडा पडला होता. मी म्हणालो, "अण्णा, थोडं पाणी मिळालं तर बरं होईल."

त्यांच्या पत्नीला गाव काकू म्हणे. त्या तांब्या आणि पेला घेऊन दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. माझे नाव, माझे गाव त्यांना ठाऊक झालेले होते. पेला माझ्या हातात द्यावा तर तो पुन्हा घरात कसा न्यावा? वरून ओंजळीत ओतावे तर मी सर होतो, सतरंजीवर बसलो होतो. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना खरोखर कळत नव्हते. मलाही कळत नव्हते, मी खाली मान घालून सायकलची किल्ली बोटात फिरवत होतो. अण्णांबरोबर ओसरीवर बसलेली गावातली चार माणसेही गप्प झाली.

अण्णाच बोलले. "अगं, पाणी काय देतीस? सर इतक्या लांबून उन्हात आले. गड्याला पाठव रहीमच्या दुकानात, थंडा आण म्हणावं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "थंडा चालेल ना, सर?"

"चालेल की," मी म्हणालो.

काकू तांब्या घेऊन आत गेल्या. मोसंबी रंगाची गार बाटली आली. तिच्या अंगावरून पाणी ओघळत होते. अण्णांनीही एक घेतली, माझ्याबरोबर प्याले. इतके गोड, इतके गार मी तोपर्यंत काही प्यायलो नव्हतो. मी अण्णांचा मनापासून आभारी झालो. त्या दिवशी त्यांनी मला वाचवले आणि काकूंनाही वाचवले.

पुढची तेरा वर्षे मी त्या गावात कुठेही पाणी मागितले नाही.

तीन-चार, कधी जास्त

पुढे मी माय, कमल आणि लेकरांना घेऊन त्याच गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत राहायला आलो. गावातल्या चहाच्या हॉटेलात आमच्यासाठीची कपबशी वेगळी असायची. कायद्याने ते बंद झाले होते, तसे कुणी तोंडाने म्हणतही नसे. पण दांडी तुटलेला एक कप होता आणि तो बरोबर आमच्याच पुढ्यात यायचा. रहीमचाचांच्या दुकानातल्या बाटलीचे तसे नव्हते. ती कारखान्यात बंद होऊन यायची. मी रिकामी केलेली बाटली त्याच पेटीतून परत जायची, धुऊन भरून पुन्हा यायची आणि मग कुणाच्याही ओठाला लागायची. त्याबद्दल कुणी कधी विचारले नाही.

चाचा बर्फाची लादी पोत्यात, लाकडाच्या भुशात ठेवत. मधल्या सुट्टीत मी गेलो की विचारायच्या आधी झाकणाचा बिल्ला काढून बाटली पुढे करत. "लो मास्तर, तुमचं औषध!" म्हणत. शाळेत पाणी होते, पण त्या माठाजवळ गेलो की शिपाई धावत येऊन "मी देतो सर, मी देतो" करायचा. त्याचे धावणे मला नको वाटे. म्हणून सकाळी एक, दुपारी एक, शाळा सुटल्यावर एक. कुणाकडे गेलो तर तिथे एक.

दारूला मी आयुष्यात शिवलो नाही. ते आमच्या पंचशीलात आहे. वस्तीतल्या लग्नांत दारू बंद व्हावी म्हणून मी पुष्कळ खटपट केली आणि तिच्याऐवजी पाहुण्यांना थंड्याच्या बाटल्या द्यायची पद्धत मीच सुरू केली. पोरेही मला पाहून थंडा पिऊ लागली. ते नव्या वागण्याचे, शिकलेल्या माणसाचे पेय आहे असे मला वाटे. यात काही वाईट असेल हे माझ्या मनातही आले नाही. लहान लेकरांच्या हातात मी बाटल्या दिल्या आहेत. त्यांचे दात किडले तेव्हा आम्ही गुळाला दोष दिला.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. आमच्या वस्तीची विहीर आधी आटली. गावच्या विहिरीवर रांगा होत्या, भांडणे होती. पण बाटल्यांची गाडी जालन्याहून येत राहिली. त्या उन्हाळ्यात मी दिवसाला पाच-सहा बाटल्या पीत होतो. पाणी घरी लेकरांना पुरावे म्हणून पितो, असे मी स्वतःला सांगत असे.

मुंग्या

दोन वर्षांनी मी वाळायला लागलो. सदरा खांद्यावरून घसरू लागला. शिकवताना दर दहा मिनिटांनी जीभ टाळूला चिकटे. रात्री चार-चार वेळा उठावे लागे. जितकी तहान लागे तितक्या बाटल्या प्यायच्या, आणि जितक्या प्यायच्या तितकी तहान.

मोरीत मुंग्यांची रांग लागलेली पहिल्यांदा मायने पाहिली.

"ह्या मुंग्या कशाला येऊन राह्यल्या रे इथं? साखर सांडली का?"

मी म्हणालो, "उन्हाळ्याच्या निघतात, माय."

"उन्हाळा सरला कवाच."

मी एका मुलाला शिकवणी देत होतो, तिकडे निघून गेलो. पुढे जालन्याच्या दवाखान्यात जावे लागले ते वर्गात चक्कर येऊन पडलो म्हणून.

तो दिवस मला पूर्ण आठवतो. डॉक्टरांनी एका काचेच्या नळीत निळे औषध घेतले, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मला ते बघायला आवडले. निळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे, आणि मग बघता बघता नळीत विटेचा रंग उतरला. सुंदर दिसत होते. मी विचारले, "हे चांगलं का वाईट?"

डॉक्टर नळी ठेवत म्हणाले, "निळं राहिलं असतं तर चांगलं. गोड किती खाता?"

"बिलकूल नाही. घरात गूळ आहे तो चहापुरता."

"पिता काय?"

मी ताठ बसून म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मी दारूच्या थेंबालाही शिवलेलो नाही."

"दारूचं नाही विचारत. तहान लागल्यावर काय पिता?"

मी सांगितले. दिवसाला किती, तेही सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले.

"मास्तर, एका बाटलीत मूठभर साखर असते. आठ वर्षं तुम्ही रोज तीन-चार मुठी साखर पाण्यात कालवून पीत होता. तहान लागली म्हणून प्यालात, आणि प्यालात म्हणून तहान लागली."

हा आजार फक्त बाटलीने दिला असे म्हणता येणार नाही, तो तुमच्या रक्तातही असेल, असेही त्यांनी सांगितले. पण बाटलीने तो लवकर आणला आणि एवढा वाढवला. आता तिचा एक घोटही नको. साधे पाणी प्यायचे. हवे तेवढे प्या.

साधे पाणी. इतके सोपे औषध त्यांनी सांगितले.

मारोतीआबा

तीन आठवडे मी जालन्याला भरती होतो. सकाळी सुई, मग दूध, मग नळीचा रंग, मग वाट पाहणे. दुपारी भाकरी, संध्याकाळी सुई. मी छत्तीस वर्षांचा होतो. जन्मभर सुई टोचून घ्यायची हे मनात बसत नव्हते.

बाजूच्या खाटेवर वडीगोद्रीकडचे एक म्हातारे धनगर होते, मारोतीआबा. त्यांनाही साखर होती. पायाला काटा लागला, तो चिघळला आणि घोट्यापासून पाय काढला होता. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी काही न विचारता हात लांबवला, माझ्या स्टुलावरचा पेला उचलला आणि गटागटा प्याले.

मी दचकलो. म्हणालो, "आबा, तो माझा उष्टा पेला आहे."

"मंग? मीबी मेंढरासंगं एका डबक्यात पेल्तो. तुमी तं मास्तर दिसता."

मला राहवले नाही. मी कोण, ते त्यांना सांगितले. त्यांनी पेला तोंडापासून काढला, माझ्याकडे पाहिले, थोडा विचार केला आणि उरलेले पाणी पिऊन टाकले.

"घरी असतो तं न्हाई पेलो असतो. खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "हितं आपुन दोघं एकाच सुईचे. पाय गेल्यावर माणसाला लई गोष्टी समजून येतात, मास्तर. पर उशिरा."

त्यानंतर आम्ही एकच पेला वापरत होतो. पायाबद्दल ते गमतीने बोलायचे. "एका चपलेत भागतंय आता, खर्चा अर्धा." कमल आली की म्हणायचे, "सूनबाई, माझ्या वाटनीचं गोड मास्तरानं खाल्लं, आन् पाय माझा गेला." त्या तीन आठवड्यांत मी हसलो तो फक्त त्यांच्यामुळे. मला सुट्टी मिळायच्या दोन दिवस आधी त्यांचा ताप चढला आणि उतरला नाही. सकाळी खाट रिकामी होती. त्यांचा हात लागलेला पेला मी घरी आणला. अजून आहे.

निळा रंग

घरी आल्यावर माय एवढेच बोलली, "इतका शिकला, आन् मुंगीला समजलं ते तुला समजलं न्हाई व्हय रे?" मग पदर डोळ्याला लावून चुलीपुढे जाऊन बसली.

खरा संसार कमलने ओढला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण औषधाच्या छोट्या बाटलीला गारवा हवा म्हणून ओल्या वाळूचे मडके तिने केले, काचेची सिरिंज उकळायला वेगळे पातेले ठेवले. रोज सकाळी स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरायचे काम तिचे. रंगांची नावे तिने आपली ठेवली होती. निळा म्हणजे 'आभाळ', हिरवा म्हणजे चाऱ्याचा 'घास', पिवळा म्हणजे 'हळद' आणि सगळ्यात वाईट ती 'वीट'.

तिने माझे जेवण डॉक्टरांनी सांगितले तसे बांधले. दीड भाकरी, भाजी, बिनसाखरेचा चहा. नळीत बहुतेक दिवस घास, क्वचित आभाळ. पण महिन्यात चार-पाच वेळा वीट यायचीच. ती नळी हातात घेऊन बसून राहायची.

"म्या तं कायबी गोड दिलं न्हाई. भाकर जास्त व्हत असंल का?"

आणि ती अर्धी भाकरी आणखी कमी करायची. मी काही बोलत नसे. उपाशी राहून मला थरथर सुटायची, तिला वाटायचे आजार वाढला. एकदा तिने स्वतःचे जेवणही माझ्याइतकेच केले, मला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून. तेव्हाही मी बोललो नाही.

आता ते लिहितो.

दवाखान्यातून परत आल्यावर शाळेच्या मंडळाच्या पहिल्याच बैठकीला मी अण्णांच्या ओसरीवर गेलो. वाटेने वाक्य पाठ केले होते: 'अण्णा, मला थंडा बंद सांगितला आहे, नुसतं पाणी द्या.' साधे वाक्य आहे. मी दर वर्षी मुलांकडून भाषणे पाठ करून घेत असे. अण्णा उठून पुढे आले, दोन्ही हातांनी माझे खांदे धरले. "सर, किती वाळलात हो! माणूस मरणाच्या दारातून आला, अरे थंडा आणा कुणी!" दारात काकू उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल माया होती. मी पाणी मागितले असते तर त्या चेहऱ्यावर पुन्हा तो पहिल्या दिवसाचा गोंधळ आला असता. आठ वर्षांत जे आम्ही सगळ्यांनी मिळून झाकले होते ते उघडे पडले असते. आणि मला भीती होती की त्या ओंजळीतच ओततील. सतरंजीवर बसलेल्या बी.ए. झालेल्या माणसाने ओंजळ पुढे करायची की नाही, हे मला ठरवावे लागले असते.

मी बाटली घेतली. अर्धीच पितो म्हणालो. पूर्ण प्यालो.

बैठका महिन्याला एक-दोन. शिवाय शाळेतल्या मुलांच्या घरी जाणे, लग्न, साखरपुडा, सत्कार. चार वर्षे असेच चालले. एखाद्या बाटलीने काय होते, सुई तर घेतोच आहे, असे मी मनाला सांगत होतो. रहीमचाचांच्या दुकानात मी पाऊल टाकत नव्हतो, त्याचा मला अभिमान वाटत होता. तिथे सोडणे सोपे होते. तिथे मी पाणी मागितले असते तर चाचांनी स्वतःच्या सुरईतून दिले असते.

कमलला कळले

भोकरदनच्या बाजारात काकू आणि कमल समोरासमोर आल्या. काकू मायेनेच म्हणाल्या, "सरांची तब्येत बरी आहे ना? आमच्याकडचा थंडा मात्र त्यांना फार आवडतो बाई. ह्यांना सांगून ठेवलंय, सर आले की आधी बाटली."

कमल बाजार न करता रिकामी पिशवी घेऊन घरी आली. मी वह्या तपासत होतो.

"कवापासून?" तिने विचारले.

मला सगळे समजले. मी पेन खाली ठेवले.

"मी चार वर्षं भाकर मोजून राह्यले. माझ्या हातात दोष है म्हनून रडून राह्यले. आन् तुमी त्यांच्या वसरीवर बसून साखर पीत व्हते?"

"कमल, तिथं नाही म्हणता येत नाही."

"का न्हाई येत?"

मी पहिल्या दिवसाची गोष्ट तिला सांगितली, तांब्या घेऊन दारात थांबलेल्या काकूंची. मी ती आजवर कुणालाच सांगितली नव्हती. ती ऐकत राहिली. मग फार हळू म्हणाली, "म्हंजे त्यांचा पेला बाटू नये म्हनून तुमी तुमचं रगत नासवलं."

मी म्हणालो, "त्यांनी मला मान दिला, कमल."

"मान व्हता तं पानी का न्हाई दिलं?"

मी समोरच्या वह्या मिटून बाजूला ठेवल्या. त्या दिवसापासून मी बाटली सोडली. बैठकीला जाणेच सोडले, आजाराचे कारण दिले. नळीत आभाळ येऊ लागले. महिना गेला, दोन गेले. कमल पुन्हा माझ्याशी नीट बोलू लागली. आम्हाला वाटले, वेळेवर सावरलो.

तिसऱ्या महिन्यात फळ्यावर लिहिताना मला डाव्या डोळ्यासमोर काजळीचे धागे तरंगताना दिसले. मी फळा पुसला. धागे पुसले गेले नाहीत. शाळा सुटेपर्यंत त्या डोळ्यापुढे काळा पडदा आला होता.

औरंगाबादच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ पाहिले. आतल्या पडद्यावर रक्त उतरले आहे म्हणाले. बऱ्याच वर्षांच्या साखरेने तिथल्या बारीक शिरा कुजल्या. उजव्या डोळ्यातही सुरुवात आहे. मी विचारले, "आता मी अगदी कडक पथ्य पाळतो. थांबेल ना?" ते म्हणाले, "पथ्य पाळाच. पण झालेलं भरून येत नाही, आणि पुढचं सांगता येत नाही." ते चांगले डॉक्टर होते. खोटे बोलले नाहीत.

परतीच्या एस.टी.त कमलने खिडकीची जागा मला दिली. वाटभर मी पाट्या वाचत आलो, मोठ्याने, एकेक. तिने मला थांबवले नाही.

सिरिंजवरच्या रेघा

सिरिंजवरच्या बारीक रेघा मला दिसेनाशा झाल्या. रेघ चुकली तर जीव जाऊ शकतो. म्हणून मी कमलला आकडे शिकवले. ती चाळिशीला टेकली होती. चुलीच्या कोळशाने जमिनीवर मोठी सिरिंज काढली, दहा, वीस, तीस, चाळीस अशा रेघा मारल्या. ती म्हणायची, "लग्नाच्या वक्ताला शिकवलं असतं तं आज तुमच्या वह्याबी म्याच तपासल्या असत्या." तिचे बरोबर होते. वस्तीतल्या वीस बायांना मी सही शिकवली, पण घरातलीला 'नंतर शिकवू' म्हणत राहिलो. आता ती वीसची रेघ ओळखते, बुडबुडा काढते, सुई टोचते. चांगल्या गोष्टी मोजायच्या तर ही एक. दुसरी, मुख्याध्यापकांनी वर्षभर मला फळ्याशिवाय तोंडी तास घेऊ दिले. तिसरी मला आठवत नाही.

हा आजार ज्याला नव्याने झाला आहे त्याने माझे एवढे ऐकावे. गोड खात नाही म्हणून निर्धास्त राहू नका, गोड पिता का ते पाहा. लेकरांच्या हातात बाटली देऊ नका, मी दिल्या त्याची मला रोज आठवण होते. घरच्या माणसापासून घोट लपवू नका, ते तुमच्या आजाराचा दोष स्वतःकडे घेतात. आणि तहान लागली तर पाणी मागा. जिथे मागता येत नाही तिथे बसू नका, मग तिथे कितीही मोठी सतरंजी असो.

राजीनामा

गेल्या महिन्यात मी राजीनामा द्यायला अण्णांकडे गेलो. कमल बरोबर होती, तिच्या खांद्यावर माझा हात होता. उन्हातून ओसरीत गेल्यावर मला काळोखाशिवाय काही दिसेना. अण्णांचा आवाज ऐकू आला, ते रडवेले झाले होते. "सर, ही काय वेळ आली हो? तेरा वर्षं शाळेला दिली तुम्ही. बसा, बसा. अरे, सरांना थंडा..."

"अण्णा," मी म्हणालो, "थंडा नको. मला पाणी द्या."

पहिल्या दिवशी होती तशीच शांतता. फरक इतकाच की या वेळी मला कुणाचे चेहरे दिसत नव्हते, त्यामुळे मला ते वाक्य पुरे करता आले. कमलचा खांदा माझ्या हाताखाली ताठ झाला.

"हो, हो. पाणीच प्यावं सरांनी," अण्णा गडबडीने म्हणाले. "अगं, पाणी आण सरांना."

काकूंच्या बांगड्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. बराच वेळ लागला. मी राजीनाम्याची घडी करत होतो, उलगडत होतो. मग बांगड्या जवळ आल्या, माझ्यासमोर काहीतरी टेकवल्याचा आवाज झाला आणि काकू म्हणाल्या, "घ्या सर, माठातलं आहे."

मी हात पुढे केला. पेल्याची कड लागेल म्हणून बोटे पसरली होती. हाताला काच लागली. निमुळती मान, मधे खाचा. थंड्याची बाटली होती. काकूंनी ती स्वच्छ धुतली होती, आणि तिच्यात पाणी भरले होते.

मी प्यालो. पाणीच होते, गार आणि गोडे. मागून किंचित मोसंबीचा वास येत होता. कमलचा श्वास मला ऐकू येत होता. सवयीने माझ्या तोंडून "आभारी आहे" निघाले.

"अजून देऊ का, सर?" काकूंनी विचारले. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती.

तहान अजून होती. मी म्हणालो, "द्या."

त्या आत गेल्या. मी कान देऊन ऐकत होतो. तांब्यातून पेल्यात पाणी पडले तर त्याचा आवाज मोकळा येतो. तसा आला नाही. अरुंद तोंडातून पाणी भरताना अडखळत, गुडगुडत जाते, तसा आला.